हौशीरामचे नावानिशी आभार

आमच्या मंडळीत हौशीराम आभार मानायला उभा राहिला की निम्मी माणसं खाली बघायची आणि उरलेली निम्मी एकमेकांकडं. त्यानं कधी कुणाची चोरी केली नाही, कुणाला शिवी दिली नाही. वय बहात्तर. देऊळ उघडायचं, झाडायचं, घंटा वाजवायची, गीतांची पुस्तकं बाकांवर मांडायची, ही कामं तो कुणी न सांगता करतो. असल्या माणसाला भ्यायचं काय कारण? पण सगळे भ्यायचे. पाळकसाहेबसुद्धा.

आमचं देऊळ, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचं चर्च, लोणावळ्यात, रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांमागं. वर पत्रा, आत साठ माणसं बसतील एवढी जागा. नोव्हेंबरात भातकापणी झाली की आमचा उपकारस्तुतीचा रविवार असतो. औंढ्याकडून भाताच्या पेंढ्या येतात, कुणी डांगर आणतं, कुणी अंडी, कुणी पाय बांधलेली कोंबडी. सगळं वेदीपुढं ठेवायचं. कोंबडी प्रार्थनेत मध्येमध्ये बोलते, तिला कुणी काही म्हणत नाही. मग एकेकानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे वर्षभरात देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगायचं. ते झालं की सगळ्यांनी मिळून जेवायचं.

साक्ष कशी द्यायची हे ठरून गेलेलं आहे. "देवानं मला आणि माझ्या कुटुंबाला वर्षभर डोळ्याच्या बाहुलीप्रमाणं सांभाळलं, त्याच्या नावाला धन्यवाद." सगळे आमेन म्हणतात. पुढचा उठतो. त्यालाही तसंच सांभाळलेलं असतं. जेवण वेळेवर होतं.

हौशीराम मात्र नावं घ्यायचा. वार सांगायचा, जागा सांगायचा.

"देवाचं उपकार हायतच," तो म्हणायचा, "पर देवानं ते कुणाच्या हातनं केलं, ते नगं का सांगाया?"

एका वर्षी त्यानं अमृतरावांचे आभार मानले. अमृतराव म्हणजे आमच्या पंच कमिटीचे प्रमुख. रेल्वेत सिग्नलकडं होते, घड्याळ त्यांना बघून लावावं असा माणूस. हौशीराम म्हणाला, "जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी पाऊस लय व्हता. मी बाजारात वाइन शॉपच्या वळचणीला उभा व्हतो. अमृतराव आतनं आले आन मला गाडीवर बशिवलं. त्यांची पिशवी भिजंल म्हणून ती मी माज्या घोंगड्यात धरली. दारापोत्तर सोडलं त्यांनी मला." दर शुक्रवारी अमृतराव तरुण संघाच्या सभेला जातात, असं त्यांच्या घरी माहीत होतं. त्या रविवारी त्यांच्या बायको, करुणाबाई, जेवायला थांबल्या नाहीत.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांचा नंबर. त्यांनी हौशीरामला बूट दिले होते. हौशीरामनं पाय वर करून ते सगळ्यांना दाखवले. पाळकसाहेबांच्या मेहुण्यानं ते नाताळात मुंबईहून पाठवलेले, आणि ते प्रवासात हरवले असं घरात ठरलेलं होतं.

एक मकसूद रिक्षावाला तेवढा खूश. खंडाळ्याहून रिकामा येताना तो हौशीरामला उचलून आणतो. तीन वर्षं लागोपाठ त्याचं नाव आलं, तेव्हापासून उपकारस्तुतीला तो स्वतःच येतो. शेवटच्या बाकावर बसतो, नाव आलं की मान हलवतो, जेवतो आणि जातो. आमच्यातल्या काही जणांपेक्षा त्याची हजेरी बरी आहे.

हौशीराम पहिल्यापासून असा नव्हता. त्याचा बाप घाटात रेल्वेच्या गँगमध्ये होता. हौशीराम स्वतः खंडाळ्याच्या एका शेटच्या बंगल्यावर अडतीस वर्षं माळी होता. बंगल्यामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको मार्था. पोरबाळ झालं नाही. शेट वर्षातनं दोनदा यायचे, बाकी बंगला या दोघांचाच, फक्त आत झोपायचं नाही एवढंच. मार्था आत पुसायची, हा बाहेर खुरपायचा. घरी बोलणं कमी. देवळात तर हा मागं बसून झोपायचा. साक्षीला उठला तर "सांभाळलं" एवढाच शब्द.

बारा वर्षांपूर्वी मार्था काविळीनं गेली. दहा दिवसांत. माती देऊन आल्यावर मी त्याच्याकडं भाकरी घेऊन गेले. त्यानं ताट पुढं घेतलं, डोळे मिटले, आणि प्रार्थना म्हणेना. बसूनच राहिला.

"भाकर गार व्हती," मी म्हटलं.

"आक्का," तो म्हणाला, "छत्तीस वर्षं रोज दोनदा डोळं मिटून देवाचं आभार मानलं मी, ह्या अन्नाबद्दल म्हणून. ती समोर उभी ऱ्हायची, काठवट घेऊन. मी आमेन म्हणून डोळं उघडस्तवर ती चुलीकडं गेल्याली असायची."

आमच्यात नवरा बायकोचे आभार मानत नाही. मानले तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघंल. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग ताप तर बघितला असता." आणि डोळे उघडे ठेवूनच जेवला. तेव्हापासून तो डोळे मिटत नाही आणि माणसाचं नाव सोडत नाही.

हे कारण मला माहीत होतं. पंच कमिटीला माहीत नव्हतं. बुटांनंतर कमिटीनं ठराव केला, की इथून पुढं साक्ष आधी चिठ्ठीवर लिहून द्यावी, अर्ध्या पानात बसवावी, आणि पाळकसाहेब ती वाचून दाखवतील. ठरावात हौशीरामचं नाव नव्हतं. तेवढीच एक जागा असावी, जिथं त्याचं नाव यायला पाहिजे होतं आणि घेतलं नाही.

हौशीरामला लिहिता येत नाही. मंडळीत लिहिणारे पुष्कळ, मास्तर आहेत, बँकेतले आहेत. तो माझ्याकडं आला. मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलेली. मी म्हटलं, "मास्तरांकडं जा की."

"मास्तर चांगलं करून लिवतील," तो म्हणाला. "तुमी आपलं मी सांगतो तेवढंच लिवाल. जास्त येतंय कुटं तुमाला."

गेल्या वर्षाची गोष्ट सांगते. ऑगस्ट संपत आला होता. हौशीराम अजून खंडाळ्याला जातो. शेट गेले, बंगला बंद असतो, वॉचमन ओळखीचा आहे म्हणून याला आत सोडतो. हा गुलाब छाटतो आणि परत येतो. त्या गुरुवारी येताना तो पॉइंटच्या खालच्या पायवाटेनं निघाला. पायऱ्यांवर शेवाळ, धुकं असं की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. घसरला आणि डावा घोटा मोडला. ओरडला तर वरनं एक पोरगं आणि एक पोरगी हाताला हात धरून खाली आली. पोरगी अगदी जवळ वाकली तेव्हा तोंड दिसलं.

"हौशीरामबाबा, तुम्ही?"

"स्नेहल, तू?"

यापुढं दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही.

स्नेहल ही अमृतरावांची एकुलती मुलगी. चोवीस वर्षांची. खंडाळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर बसते. गुरुवारी तिची सुट्टी असते, आणि गुरुवारी ती कॉम्प्युटर क्लासला जाते, असं तिच्या घरी माहीत होतं. त्या घरात माहीत असलेल्या गोष्टींचं असंच असतं.

पोरगं देहूरोडचं, धम्मदीप नाव. तिथल्या लष्कराच्या डेपोत कंत्राटावर वायरमन आहे. त्यानं हौशीरामला पाठीवर घेतलं आणि त्या पायऱ्या चढून रस्त्यावर आणलं. एक भाजीचा टेम्पो थांबवून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत दोघं बसून राहिली, आणि बाहेर ओळखीचं कुणी येण्याआधी निघून गेली.

हौशीरामनं हे कुणालाच सांगितलं नाही. पोटात ठेवायचं म्हणून नव्हे. त्याची पद्धतच अशी, की वर्षाचे आभार आधी देवापुढं ठेवायचे, मग बाकीच्यांना. फोडलेला नारळ कुणी देवाला वाहतं का, असं म्हणतो. आमच्यात नारळ वाहत नाहीत, पण त्याचं म्हणणं कळतं. सगळ्यांना त्यानं एवढंच सांगितलं, "पडलो, पोचलो, पाय बांदला."

अमृतराव पंच या नात्यानं त्याला भेटायला गेले. सोबत संत्री घेऊन स्नेहल. अमृतरावांनी खाटेजवळ उभं राहून मोठी प्रार्थना केली. "ज्या अनोळखी हातांनी ह्या तुझ्या सेवकाला उचललं, त्या हातांना हे प्रभू तू आशीर्वादित कर." मी तिथंच होते. स्नेहलनं संत्र्यांची पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली. हौशीराम उघड्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत होता आणि मान डोलावत होता, म्हणजे थांब, नोव्हेंबर येऊ दे.

नोव्हेंबर आला तेव्हा स्नेहल माझ्या घरी आली. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली, मग दोन कप प्यायली.

"आजी, हौशीरामबाबांची चिठ्ठी तुम्ही लिहिता ना?"

"ते सांगतात, मी लिहिते."

"ह्या वर्षी लिहू नका."

मग तिनं सगळं सांगितलं. दोन वर्षांची ओळख. मुलगा चांगला आहे, घरचे चांगले आहेत, पण आपल्यातला नाही. आणि इकडं अमृतरावांनी नगरकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, मुलगा शाळेत मास्तर.

"पप्पांना मी सांगणारच आहे. पण असं नाही, आजी. देवळात, साठ माणसांसमोर, चिठ्ठीतून कळलं तर ते मला दुसऱ्या दिवशी नगरला आत्याकडं नेऊन ठेवतील. नोकरी पण जाईल. त्यांना राग आला तर काय करतात माहितीये ना."

माहीत होतं. वाइन शॉपच्या रविवारनंतर ते तरुण संघाला खरोखरच जायला लागले आणि दोन महिन्यांत तरुण संघ बंद पडला.

"तू सांगितलंस का हौशीरामला?"

"सांगितलं. ते म्हणाले, पोरी, घाबरू नकोस, तुझं नाव पहिलं घेतो."

दुसऱ्या दिवशी हौशीराम काठी टेकत आला. मी वही काढली. त्यानं सांगायला सुरुवात केली. वार, जागा, धुकं, पायऱ्या किती. पायऱ्या त्यानं मोजल्या होत्या, एकशे चौदा. त्या पोराच्या पाठीवरनं. मग म्हणाला, "आता लिवा, अमृतरावांची स्नेहल."

मी पेन ठेवलं.

"लिवा की."

"तिचं नाव ऱ्हाऊ दे, हौशीराम."

"का? तिनं मागं घेतलं का केल्यालं?"

"तिचं घर सुटंल. बाप तिला नगरला धाडील. तुज्या आभारापायी पोरीचं वाटोळं व्हायचं."

त्याला ते पटायला वेळ लागला. आभार मानल्यानं कुणाचं वाईट होतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी मग त्याला सगळं सांगितलं, करुणाबाई त्या दिवशी का जेवल्या नाहीत, पाळकीणबाई महिनाभर पाळकसाहेबांशी का बोलल्या नाहीत. त्यानं ऐकून घेतलं.

"मला वाटलं त्यांला बरं नव्हतं," तो म्हणाला.

"तर आता ह्या वर्षी पोराचं नाव घे. त्याला हितं कोण वळखतंय? पोरीचं ऱ्हाऊ दे."

"मला दवाखान्यात न्यायाला चार पाय लागले आक्का. मी दोनच सांगू?"

"दोनच सांग."

"मग तिचं आभार कुटं ठिवू?"

"मनात ठेव."

"मनात आता जागा न्हाई," तो म्हणाला. "मार्थाचं समदं तितंच पडल्यालं हाय."

मी म्हटलं, "वाचून दाखवू का झालं तेवढं?" त्यानं ऐकलं. शेवटी अंगठा टेकवल्यासारखं बोट कागदावर ठेवलं आणि गेला. चिठ्ठीत पोराचं नाव होतं, पोरीचं नव्हतं. तिसरी पास बाईनं एवढी काटछाट केली, मास्तरांनीसुद्धा एवढी केली नसती.

उपकारस्तुतीचा रविवार आला. पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. हौशीरामची चिठ्ठी हातात आल्यावर त्यांनी आधी ती मनातल्या मनात वाचली आणि त्यांचे खांदे सैल झाले. मग मोठ्यानं वाचली. देहूरोडचा धम्मदीप नावाचा मुलगा ह्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन एकशे चौदा पायऱ्या चढला. देवाचे उपकार आणि त्याचे आभार. संपलं.

मंडळीत कुणी खाली बघितलं नाही. पहिल्यांदाच असं झालं. मकसूद मागं वळून दाराकडं बघायला लागला, हा नवीन कोण म्हणून. आणि अमृतराव उभे राहिले.

"पाळकसाहेब, मला दोन शब्द बोलायचेत. हा मुलगा आपल्या मंडळीतला नाही, आपल्या धर्मातला नाही. वाटेत पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण पोरांना शिकवतो. ही तीच गोष्ट झाली. आपण नुसतं आमेन म्हणून जेवायला बसायचं का? त्याला शोधून आणला पाहिजे. मंडळीपुढं त्याला शाल द्यायची. मी स्वतः शोधतो."

सगळे आमेन म्हणाले. स्नेहल बायकांच्या बाजूला बसली होती. तिचं आमेन मला काही ऐकू आलं नाही.

अमृतरावांनी हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायचं नाही, ही रेल्वेची सवय. सोमवारी ते देहूरोडला गेले. डेपोच्या गेटवर शिपायांनी आत सोडलं नाही. दोन तास उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, वायरमन धम्मदीप कोण. मंगळवारी परत गेले. बुधवारी दुपारी सापडला. त्याचा फोन नंबर त्यांच्याच घरात, पलीकडच्या खोलीत, चार्जिंगला लावलेला होता.

पोरानं दोनदा नाही म्हटलं. अमृतराव म्हणाले, नाही म्हणणं हा तुझा नम्रपणा आहे, रविवारी साडेनऊला पोच.

रविवारी तो आला. बारीक, उंच, इस्त्री केलेला शर्ट. अमृतरावांनी शाल त्याच्या खांद्यावर घातली आणि बोलले, "ज्या आईबापांनी असा मुलगा वाढवला, ते धन्य. असा मुलगा कुणाच्याही घरात शोभेल." टाळ्या वाजल्या. हौशीराम सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता, पण चेहरा असा, की कुणीतरी त्याच्याच ताटातलं निम्मं काढून घेतलंय. मी ओळखलं. एक आठवडा तो माझ्याशी बोललाही नव्हता.

भक्तीनंतर अमृतरावांनी मुलाला घरी जेवायला नेलं, आणि आम्हा दोघांना पण. हौशीराम, कारण पाय त्याचा. मी, कारण चिठ्ठी माझी.

करुणाबाईंनी मटण केलं होतं आणि नवा इंद्रायणी भात. सतरंजीवर आम्ही बसलो, हौशीराम खुर्चीवर, पाय लांब करून. स्नेहल वाढायला. धम्मदीपच्या ताटात तिनं सगळ्यात कमी मटण वाढलं, संशय नको म्हणून. करुणाबाई म्हणाल्या, "अगं, पाहुण्याला असं वाढतात का? कुणी काय म्हणेल." तेव्हा तिनं सगळ्यात जास्त वाढलं.

अमृतरावांनी लांब प्रार्थना केली. मग जेवता जेवता त्यांनी विचारलं, "पण काय रे बाळ, एवढ्या पावसाधुक्यात तू तिथं खाली काय करत होतास? एकटाच?"

साधा प्रश्न होता. पोरानं शाल घेतली आहे, चार घास खाऊन जाईल, एवढंच त्यांच्या मनात. स्नेहलनं त्याला सांगून ठेवलं होतं म्हणे, फोटो काढायला गेलो होतो म्हणून सांग. पोरानं घास ताटात ठेवला.

"एकटा नव्हतो, काका."

करुणाबाईंचा हात भाताच्या पातेल्यात राहिला. मी हौशीरामकडं बघितलं, गप बस म्हणून. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

"चार पाय व्हते, अमृतराव," तो म्हणाला. "चिठ्ठीत मी दोनच दिले. आक्कानं सांगितलं म्हणून."

माझं नाव घ्यायची काही गरज नव्हती. पण त्याची सवय.

"तुमची स्नेहल व्हती. ऑगस्टचा शेवटचा गुरुवार. तिनं अंगावरची ओढणी फाडून माजा पाय बांदला. ह्यो मला पाठीवर घिऊन चढत व्हता, ती पुडं चालत पायरी पायानं चाचपून बगत व्हती, शेवाळ कुटं हाय ते सांगत. दवाखान्यात फॉर्म भरला. पेशंटचं कोण, असं लिवल्यालं असतं त्यात. तिनं इचारलं न्हाई मला. मुलगी, असं लिवलं आन सही केली. चार तास मला लेकरू व्हतं, अमृतराव. तिचं आभार मानतो मी. मंडळीत मानायचं व्हतं, हितं मानलं."

एवढं बोलून तो जेवायला लागला. त्याचं झालं होतं.

अमृतराव उठले. हात न धुता बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. पाठमोरे. स्नेहल दाराच्या चौकटीला टेकून उभी, हातात रश्श्याचं भांडं, ते खाली ठेवायचं तिला सुचेना. धम्मदीप उठायला लागला, तर करुणाबाई हळूच म्हणाल्या, "बस. ताटावरनं उठू नये."

"चुकलं का, आक्का?" हौशीरामनं विचारलं.

"व्हय."

"लय?"

"जेव आता."

बाहेर अमृतराव बराच वेळ उभे होते. खालून एक मालगाडी गेली. ती पुरी जाईपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले, सवयीनं. मग आत आले आणि आपल्या जागेवर बसले. मुलीकडं बघितलं नाही. मुलाकडं बघितलं. शाल त्याच्या मांडीजवळ घडी करून ठेवलेली होती.

"गुरुवारी सुट्टी असते का तुला?"

"नाही, काका. माझी रविवारी. गुरुवारी स्नेहलची असते. मी रजा टाकायचो."

"दर गुरुवारी?"

"जमेल तसा."

"किती रजा शिल्लक आहेत?"

"सगळ्या संपल्या. जूनपासून बिनपगारी टाकतोय."

"बिनपगारी?"

अमृतरावांनी रेल्वेत चौतीस वर्षं काढली. ताप अंगात असताना ड्युटीवर गेले, रजा साठवल्या. आतापर्यंत जे काही कानावर आलं, त्यातलं हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं असं दिसलं. त्यांनी हातातला भात कालवला, परत कालवला.

"हे बंद," ते म्हणाले. "कंत्राटी नोकरी आहे, अशानं काढून टाकतील. रविवारी सुट्टी आहे ना? रविवारी ये. इथं, घरी. भक्तीला ये असं मी म्हणत नाही. जेवायला ये."

"बरं, काका."

"पुढचं मी काही बोललेलो नाही अजून."

"नाही, काका."

"तुझ्या वडलांशी बोलणं होईपर्यंत पॉइंटवर जायचं नाही. कुणीच." मग पहिल्यांदा ते दाराकडं वळले. "नगरच्या स्थळाला मी उद्या थांबा म्हणून फोन करतो. ते भांडं खाली ठेव, हात भाजेल."

स्नेहलनं भांडं ठेवलं. ते केव्हाच गार झालं होतं. करुणाबाईंनी पातेलं पुढं ओढलं आणि पोराला आणखी भात हवा का हे न विचारता वाढला.